नव्या चालकासाठी पहिली सेकंडहँड गाडी: चार लाखांत काय घ्यावे, काय टाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहणाऱ्या एका गृहस्थांच्या एकवीस वर्षांच्या मुलीला ऐरोलीत नोकरी लागली आहे, तिला नुकतेच पक्के लायसन्स मिळाले आहे आणि घरचे सगळे सांभाळून गाडीसाठी चार लाख रुपये काढता येतील. ओळखीतल्या एकांची २०१२ सालची सेडान अडीच लाखांत मिळते आहे आणि ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’ असा नातेवाइकांचा आग्रह आहे. मुलीला ऑटोमॅटिक हवी आहे, वडिलांना सीएनजी. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मुंबईत बरीच वर्षे काम करतो आहे. ठोकलेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या पाहणे हाच माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे माझे उत्तर मायलेजपेक्षा ब्रेककडे आणि रंगापेक्षा कागदपत्रांकडे अधिक झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

सेडान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वाईट असेल असे नव्हे. मालकाने जिवापाड जपलेलीही असेल. परंतु त्या काळी विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग या गोष्टी वरच्या व्हेरिएंटपुरत्याच असत, आणि जिथे त्या आहेत तिथेही इतक्या वर्षांनंतर त्यांची वायरिंग व सेन्सर कोणत्या अवस्थेत आहेत, हे सहसा कोणी तपासलेले नसते. दुसरे असे की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे ही गाडी २०२७ मध्ये पुनर्नोंदणीला येणार. त्यासाठी आरटीओची तपासणी, एप्रिल २०२२ पासून लागू झालेले पाच हजारांचे शुल्क आणि वर राज्याचा पर्यावरण कर, एवढे सगळे करून मुदत मिळणार ती पाच वर्षांची. अशी गाडी पुढे विकायला काढली की भंगाराच्या भावाच्या आसपासच बोलणी सुरू होतात.

मोठ्या गाडीबद्दलची समजूत पूर्णपणे खोटी नाही. दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली तर जड गाडीतल्या माणसांना कमी मार बसतो, हे खरेच आहे. पण शहरात नव्या चालकांचे जे क्लेम आमच्यापुढे येतात, त्यांत समोरासमोरच्या धडका क्वचित असतात. सोसायटीच्या स्टिल्टमधल्या खांबाला दार घासणे, सिग्नलला पुढच्या गाडीला मागून लागणे, डावीकडून घुसलेल्या दुचाकीला आरसा किंवा फेंडर लागणे, असेच प्रकार त्यांत अधिक. या सगळ्यांवर उपाय म्हणजे कमी लांबीची, चारही कोपऱ्यांचा अंदाज येणारी आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक न होणारी गाडी.

म्हणून मी मॉडेलच्या आधी तारखेकडे पाहायला सांगतो. एप्रिल २०१९ पासून आधीच्या मॉडेलनाही एबीएस सक्तीचे झाले, आणि १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि वेग वाढल्यावर वाजणारी सूचना या गोष्टी बंधनकारक झाल्या. या तारखेनंतर बनलेली गाडी घेतली, तर अगदी खालचे व्हेरिएंट असले तरी एवढ्या गोष्टी तिच्यात असतातच. आरसी बुकात गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते. पाहायचे ते हे, नोंदणीची तारीख नव्हे. कारण मे महिन्यात बनलेली गाडी शोरूममध्ये पडून राहून दिवाळीला विकली गेलेली असू शकते. शेजारच्या सीटच्या एअरबॅगची सक्ती मात्र २०२१ सालची आहे, तेव्हा त्याआधीच्या गाडीत ती आहे का, हे व्हेरिएंट पाहून स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. मुलगी मैत्रिणीला किंवा आईला शेजारी बसवणारच.

या चाळणीतून पुढे गेल्यावर चार लाखांत ज्या गाड्या उरतात, त्यांत माझी पहिली पसंती २०१९ नंतरच्या वॅगन आरला आणि टियागोला आहे, आणि दोघींची कारणे वेगळी आहेत. वॅगन आरमध्ये बसण्याची जागा उंच, काचा मोठ्या आणि बोनेट आखूड असल्यामुळे नव्या चालकाला गाडी कुठे संपते ते लवकर कळते. सुटे भाग कुठल्याही गल्लीत मिळतात आणि बंपर-फेंडर बदलण्याचा खर्च सोसण्यासारखा असतो. पण ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या चाचणीत तिला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. टियागोला २०२० च्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले. तिचे पत्रे दणकट वाटतात, मात्र तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर जाणवते आणि जुन्या गाडीत सस्पेन्शनचे आवाज अधिक ऐकू येतात. स्विफ्ट, सॅन्ट्रो आणि ग्रँड आय टेन याही चालतील. एकच मत द्यायचे झाले तर मुलीसाठी मी टियागो घेईन, पण घराजवळ पहिल्या मालकाची, नियमित सर्व्हिसिंग झालेली वॅगन आर मिळत असेल आणि टियागो तिसऱ्या मालकाकडची असेल, तर वॅगन आर घेईन. या किमतीत मॉडेलपेक्षा आधीचा मालक महत्त्वाचा ठरतो. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, डॅटसनही गेली. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात आणि काही तर चालवायला उत्तम आहेत, परंतु पहिली गाडी घेणाऱ्याने भाग शोधत हिंडू नये.

आता सीएनजी आणि ऑटोमॅटिक. मुलुंड ते ऐरोली हे अंतर इतके थोडे आहे की सीएनजीमुळे महिन्याला वाचणारी रक्कम डिकीतली गेलेली जागा आणि पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ यांच्या तुलनेत फारशी राहत नाही. तरीही घ्यायचीच असेल तर कंपनीने बसवलेल्या किटचीच घ्यावी, आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद असल्याची खात्री करावी आणि सिलिंडरच्या हायड्रो टेस्टचे (पाण्याच्या दाबाखाली होणाऱ्या चाचणीचे) प्रमाणपत्र मागावे; ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि अनेक मालकांनी ती केलेली नसते. बाहेरून बसवलेल्या आणि आरसीवर न चढवलेल्या किटमुळे क्लेम अडतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. डिझेलचा विचारच करू नये.

ऑटोमॅटिकच्या बाबतीत मुलीचे म्हणणे मला मान्य आहे, पण एका अटीवर. या किमतीत मिळतात त्या बहुतेक एएमटी गाड्या, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो आणि क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. क्लच प्लेट तिथेही झिजते, आणि ती झिजलेली असताना चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते किंवा हिसका देते. शिवाय हे काम करणारा यंत्रणेतला भाग, म्हणजे अॅक्च्युएटर, बिघडला तर मॅन्युअलच्या क्लचपेक्षा खर्च बराच वाढतो. म्हणून एएमटी पाहायला जाल तेव्हा इमारतीच्या पोडियमचा रॅम्प किंवा एखाद्या पुलाचा चढ गाठून तिथे गाडी पूर्ण थांबवावी आणि ब्रेकवरून पाय काढून ती कशी निघते ते पाहावे. तिथे ती गडबडली तर दुसरी गाडी पाहावी.

चार लाखांपैकी गाडीला सव्वातीन ते साडेतीन लाखांपेक्षा अधिक देऊ नयेत. उरलेले पैसे ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी, पहिले मोठे सर्व्हिसिंग आणि पहिल्या वर्षात हमखास होणारे थोडे डेंटिंग-पेंटिंग यांत जातात. विक्रेता ‘काही काम नाही, बसा आणि चालवा’ असे म्हणेल. त्याच्या म्हणण्यावर बजेट ठरवू नये.

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि इंजिन सुरू करून ठेवू नका असे आधी कळवावे. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर थंड इंजिनाचा पहिला आवाज आपल्यापासून लपवलेला आहे असे समजावे. त्यानंतर बोनेट उघडून दोन्ही बाजूंच्या फेंडरचे बोल्ट पाहावेत. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर गाडीचाच रंग अखंड असतो; पाना लागला की त्याच्या कडांवरचा रंग उडतो. एका बाजूचे बोल्ट कोरे आणि दुसऱ्या बाजूचे सोललेले दिसले तर त्या बाजूचा फेंडर निघालेला आहे. एवढ्याने घाबरायचे कारण नाही, मुंबईत फेंडर बदलला नाही अशी गाडी विरळा. पण त्याच बाजूला आत एप्रनवर (फेंडरमागच्या पत्र्यावर) वेल्डिंगचे ठिपके असमान असतील, दाराच्या रबराची पट्टी ओढून पाहिल्यावर पिलरवर, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबावर, ठोकाठोकी किंवा नवा रंग दिसत असेल, तर मार सांगाड्यापर्यंत गेला होता. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नव्या चालकाला देऊ नये. सगळ्या काचांच्या कोपऱ्यावरचे वर्षाचे चिन्हही एकदा जुळवून पाहावे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखणे ही मुंबईकरांसाठी वेगळीच विद्या आहे. जुलै २००५ च्या पुरानंतर किती बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात फिरल्या हे जुन्या मेकॅनिकना विचारावे. आजही हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला, सायन या भागांत पाणी तुंबले की विमा कंपन्या काही गाड्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न परवडणाऱ्या, ठरवतात, त्या लिलावात जातात आणि त्यांतल्या काही सुकवून पुन्हा विक्रीला येतात. अशा गाडीचा अंतर्भाग संशयास्पद स्वच्छ असतो आणि अत्तराचा वास दरवळत असतो. चारही सीटबेल्ट शेवटापर्यंत बाहेर ओढावेत: वरचा पट्टा धुतलेला असतो, पण रीळात गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ राहून जाते. पुढच्या सीट मागे सरकवून रुळांचे स्क्रू पाहावेत, डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खळग्यात बोट फिरवावे आणि स्टिअरिंगखाली टॉर्च मारून वायरींच्या जोडण्यांवर हिरवट-पांढरा थर आहे का ते पाहावे. वरळी, वर्सोवा, मढ अशा किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर गंज खालून येतो, म्हणून ती लिफ्टवर चढवूनच पाहावी.

एअरबॅगची तपासणी तर इतकी सोपी आहे आणि तरी कोणी करत नाही. चावी फिरवून इंजिन सुरू न करता थांबावे. मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर बहुधा कोणीतरी दिवाच काढून टाकला आहे. अपघातात एअरबॅग उघडल्यानंतर नवी बसवण्याचा खर्च वाचवण्यासाठी हे केले जाते, आणि डॅशबोर्डवर नवे कव्हर चढवले की वरून काहीच कळत नाही. सोबत येणाऱ्या मेकॅनिकला स्कॅनर आणायला सांगावे. त्याची फी देताना हात आखडता घेऊ नये, आणि तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास मालकाला सोबत घेऊन काढून घ्यावा. आकडा पस्तीस हजार आणि क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, हे जमत नाही. पुढच्या सीटपेक्षा मागची सीट आणि मागचे डावे दार अधिक झिजलेले असेल, तर गाडी कधीकाळी टुरिस्ट परमिटवर चालली होती का, हे आरसीच्या नोंदीत शोधावे. याउलट फारच कमी चाललेली गाडीही डोळे झाकून घेऊ नये. टायरच्या बाजूवरच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि सहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी पावसाळ्यात भरवशाचा नसतो.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी विक्रेते सहसा स्वतःहून पुढे करत नाहीत. चालू विमा पॉलिसीची प्रत मागावी आणि तिच्यातली नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची, टक्केवारी पाहावी. ती क्लेमविना गेलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी वाढते, आणि क्लेम घेतला की सहसा शून्यावर येते. सहा वर्षांची, ‘एक ओरखडाही न पडलेली’ गाडी आणि पॉलिसीवर बोनस २० टक्के, असे दिसले तर दोन वर्षांपूर्वी काय झाले होते ते विचारावे. उत्तर साधेही असू शकते, पण विचारल्याशिवाय ते मिळत नाही.

चालवून पाहताना मुलीलाच चालकाच्या जागेवर बसवावे. बाप गाडी चालवून पसंत करतो आणि नंतर लक्षात येते की मुलीचा पाय क्लचवर पुरता पोचत नाही किंवा पुढचा पिलर नेमका तिच्या नजरेआड येतो, असे घरोघरी होते. सीटची उंची कमी-जास्त होते का, उजव्या वळणावर तिला काय दिसते, पार्किंगमध्ये मागे घेताना तिला कोपऱ्याचा अंदाज येतो का, हे तिनेच सांगायचे आहे. आवाज ऐकायचे काम मेकॅनिकचे: खड्ड्यांतून हळू जाताना खडखड आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेले असतात, जे दुरुस्त होण्यासारखे आहे, गिअर पडताना खरखर आली किंवा वेग न वाढता इंजिनाचाच आवाज वाढला, तर क्लच संपला आहे आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी झाली पाहिजे.

कागदपत्रांत घाई करू नये. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून सध्याचा मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत पाहावी, आणि वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर थकलेले दंड काढावेत. ते विक्रेत्याने व्यवहाराआधी भरायचे असतात. आरसीवर बँकेचे नाव असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय टोकनही देऊ नये. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेली गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का ते पाहावे. गाडी एमएच-०३ ची आहे, ठाण्याच्या एमएच-०४ ची की वाशीच्या एमएच-४३ ची, याचा बाऊ करण्याचे कारण नाही. परराज्यातली गाडी मात्र टाळावी: ना-हरकत, महाराष्ट्राचा कर आणि पुन्हा नोंदणी यांत स्वस्ताई संपते, आणि दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडून आलेल्या गाड्यांचा इतिहास इथे बसून तपासता येत नाही.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हाही विचार आधीच करावा. सवयीने ती वडिलांच्या नावावर घेतली जाते. परंतु पॉलिसीतले पंधरा लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असताना त्यालाच लागू होते. गाडी वडिलांची आणि रोज चालवणार मुलगी, तर ते संरक्षण तिच्या उपयोगाचे नाही. म्हणून आरसी मुलीच्याच नावावर करावी. ती सज्ञान आहे, लायसन्सधारक आहे, काहीच अडचण नाही. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तिला मिळणार नाही, त्यामुळे नव्या पॉलिसीचा हप्ता विक्रेता सांगतो त्यापेक्षा जास्त येईल हे धरून चालावे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता २०२२ च्या दरांनुसार एक हजार सीसीपर्यंत २,०९४ आणि त्यापुढे पंधराशे सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, वर कर. नुसत्या थर्ड पार्टीवर भागवू नये. पहिल्या दोन वर्षांत तरी संपूर्ण विमा आणि मिळाला तर झिरो डेप (घसाऱ्यापोटी क्लेममधून कपात न करणारा विमा) घ्यावा, कारण एरवी प्लास्टिकच्या बंपरवर निम्मी कपात होते आणि नव्या चालकाचा पहिला खर्च बहुधा बंपरचाच असतो.

पैसे देण्याचा क्रम असा ठेवावा: तपासणी समाधानकारक झाल्यावर थोडे टोकन, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर बँकेतून मोठा भाग, आणि एक ठरावीक रक्कम नाव बदललेली आरसी हातात येईपर्यंत राखून. बहुतेक सरळ विक्रेते हे मान्य करतात. ट्रान्सफरचा अर्ज तीस दिवसांत आणि विमा कंपनीला कळवणे चौदा दिवसांत झाले पाहिजे. थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे येत नाही, आणि ट्रान्सफरच्या धांदलीत या मधल्या काळातच गाडी ठोकून आलेली माणसे माझ्यासमोर बसलेली असतात. विक्रेत्याचा फास्टॅग बंद करवून नवा घ्यावा. ऐरोलीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या गाड्यांना टोल नाही, पण एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर तो लागतोच. गाडी ताब्यात आली की पहिल्या आठवड्यातच ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कुलंट आणि वायपरचे ब्लेड बदलून टाकावेत, जुने कसे आहेत हे पाहत बसू नये.